नाटकाला बाई बाहेरची

आंबेखोलच्या उत्सव समितीची तीन माणसं साखळीला शालिनी गांवसच्या दारात आली तेव्हा ती पाववाल्या पोदेराशी भांडत होती. पाव खालून करपले होते आणि तो म्हणत होता की असेच चांगले लागतात. "मगे तुज्या घरी न्हेऊन खा," म्हणून तिनं ते त्याच्या टोपलीत परत टाकले, आणि वळून बघते तर मागे अनंत उभा, हातात नारळ. अनंत म्हणजे तिच्या चुलतभावाचा मुलगा. पेडणे तालुक्यात आंबेखोल हे तिचं माहेर, आणि अनंत आता त्या गावातलं मोठं प्रस्थ. समितीचा अध्यक्ष तो, आणि उत्सवाच्या नाटकातला राजाही कैक वर्षं तोच. त्याच्याबरोबर धाकू होता, ज्याच्या हाती एकदा माईक गेला की उत्सव संपेपर्यंत सुटत नाही. तिसरा गृहस्थ काही बोलला नाही, चहा मात्र दोनदा प्याला.

"आते, गावात तुजो सत्कार करूचो ठरवलाव," अनंत म्हणाला.

"कित्याचो सत्कार?"

"कित्याचो म्हणजे? फिल्मात काम केलंस, टीव्हीर काम केलंस. गावचा नाव झाला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. पणजेसून पाहुणे येतले."

शालिनीनं नारळ घेतला, टेबलावर ठेवला. सून स्वाती चहा घेऊन आली. शालिनीला सत्काराचं कौतुक नव्हतं असं नाही. सदुसष्टाव्या वर्षी माहेरची माणसं नारळ घेऊन दारात आली तर कोणाला बरं वाटणार नाही? पण तिच्या मनात दुसरंच होतं, आणि ते आजकालचं नव्हतं.

"नाटक खयचा?" तिनं विचारलं.

"संगीत. राजमातेचा. तुका सगळा पाठ आसतला."

पाठ म्हणजे काय! कोरगावला, इब्रामपूरला, डिचोलीतल्या कितीतरी वाड्यांवर तिनं ती राजमाता उभी केली होती. ऐन पंचविशीत पिकल्या केसांचा टोप घालून ती अशी बोलायची की पुढच्या रांगेतले म्हातारे मान खाली घालून बसत.

"राजमाता कोण करता?"

"बाई भायसून हाडतलाव," अनंत म्हणाला. मंडप सांगितलाय, खुर्च्या सांगितल्यात, तसंच.

"शाल माका नको, अनंता. राजमाता माका दी."

तिसऱ्या गृहस्थाचा कप बशीवर वाजला. धाकूनं छताकडे बघितलं. अनंत हसला, उठला, पाया पडला आणि दारातून म्हणाला, "बघूया, आते." आपल्याकडे 'बघूया' म्हटलं की समजून जावं, बघणार कोणी नाही. नाही म्हणायला निदान छाती लागते.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. पेडण्या-डिचोलीकडे उत्सवाचं नाटक गावातलीच माणसं करतात. दिवसा कोणी वायरमन, कोणी ट्रकवर, कोणी काजूच्या बागेत. तालमीला सगळे राजे नि प्रधान. पण नाटकात बाई असतेच. पूर्वी पुरुषच लुगडं नेसून उभे राहत. पुढे लोकांना ते बघवेना, तेव्हा बाहेरगावची नटी सुपारी देऊन आणायची पद्धत पडली. गावातले लोक दोन-दोन महिने तालमी करतात, बाईचे संवाद कोणीतरी पुस्तकातून वाचून दाखवतो, आणि खुद्द बाई उगवते नाटकाच्या दिवशी, दुपारच्या बसनं. ट्रंकेत स्वतःचा शालू, स्वतःचे दागिने आणि डोक्यात अख्खं नाटक. एक बसून तालीम, एक कप चहा, की पडदा. राजा वाक्य विसरला तर हळूच पुरवायचं, प्रधान जास्तच प्यालेला असेल तर त्याची वाक्यंही आपणच म्हणून टाकायची, आणि सकाळच्या पहिल्या बसनं घरी.

हे सगळं ठीक. पण आंबेखोलात गावची बाई मांडावर चढत नाही. मांड म्हणजे देवळासमोरची ती जागा, जिथं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात आणि मग खेळ होतो. ती देवाची जागा. तिथं गावच्या लेकीसुनेनं तोंडाला रंग लावलेला देवाला खपत नाही म्हणे. बाहेरची बाई खपते! म्हणजे देवाला बाईचं वावडं नाही, ओळखीच्या बाईचं तेवढं आहे. आसपासच्या गावांनी असले प्रकार कधीच गुंडाळून ठेवले. स्पर्धेच्या नाटकांत तर आता घरच्या सुना कामं करतात आणि सासरे त्यांच्या बॅगा उचलतात. आंबेखोल मात्र चिकटून बसलंय. जमिनी विकल्या, डोंगर विकले, विमानतळाच्या रस्त्याला लागून कोणाकोणाला काय काय विकलं, तिथं कोणाला देव आठवला नाही. देव आठवला तो शालिनीच्या बाबतीत.

तिचे वडील सदाशिव गांवस गावच्या प्रत्येक नाटकाला पायपेटी वाजवत. घराणं मूळ दोडामार्गाकडचं, बोलणं मालवणी, आणि घरात दिवसभर नाट्यपदं. पोर ऐकून ऐकून शिकली. सतरा वर्षांची असताना इब्रामपूरच्या नाटकाची ठरलेली नटी तापानं फणफणली. सदाशिव तिथं पेटीला होते. ते म्हणाले, माझ्या मुलीला येतंय सगळं. मुलगी आली, उभी राहिली, आणि पहिल्याच पदाला लोकांनी पुन्हा म्हण, पुन्हा म्हण केलं. त्यानंतर मोसम सुरू झाला की शालिनी घरी दिसायची नाही. आज इथं, उद्या तिथं.

आंबेखोलचे लोक टेम्पो करून तिची नाटकं बघायला जात. पुढे बसत, शिट्ट्या मारत, शेजारच्याला सांगत, "आमची शालन ती!" दुसऱ्याच्या गावात 'आमची शालन', आणि स्वतःच्या गावात 'ती नाटकातली'. आंबेखोलच्या उत्सवाला ती बायकांत जमिनीवर बसे, आणि समोर बाहेरून आणलेली कोणी बाई तिचंच काम करी, तिच्याच बापाच्या पेटीवर. चांगली असली तर ठीक. पण एकदा एक अशी आणली की तिला सूर कुठे लागतो हेच माहीत नव्हतं. सदाशिव काळी दोन सोडून काळी चारवर गेले, परत आले, बाई काही सापडेना. शालिनी खाली बसून मुठी आवळत होती. त्या रात्री सदाशिवांनी मानकऱ्यांना विचारलं, पुढच्या वर्षी माझ्या शालनला उभी करू का? मानकरी म्हणाले, बघूया. सदाशिव त्यानंतर पुष्कळ वर्षं पेटी वाजवत राहिले. स्वतःच्या मुलीला साथ करायला त्यांना परगावीच जावं लागलं.

लग्न साखळीला झालं, नाटकातलं नाव मात्र गांवसच राहिलं. नवरा शंकर खाणीवर मशीन चालवायचा. नाटकातच त्यानं तिला पाहिलं होतं, आणि लग्नानंतर कोणीतरी विचारलं की आता हिचं नाटक बंद ना, तेव्हा तो म्हणाला, "बंद केल्यार माका फुकट नाटक कोण दाखयतलो?" देवमाणूस होता. त्याच्या जोरावर तिनं मुलगा वाढवला आणि मोसमही सोडला नाही.

मग सिनेमा आला. खाणी बंद पडल्यानंतरच्या काळात मुंबईची एक कंपनी डिचोलीत उतरली. गोष्ट खाणीवरच्या ट्रकवाल्याची, आणि त्याची आई त्यांना 'अस्सल इथली' हवी होती. शालिनीला घेतलं. तिच्या वाट्याला एक मोठा प्रसंग होता: दारात ट्रक उभा राहून राहून त्याच्या चाकांत गवत उगवलंय आणि आई मुलाला बोलते. तिनं तो एका दमात केला. कॅमेऱ्यामागची माणसं डोळे पुसत होती. सिनेमा लागला तेव्हा ती शंकरला आणि स्वातीला घेऊन पणजीला गेली. पडद्यावर ती आली, तोंड उघडलं, आणि आतून भलत्याच बाईचा आवाज! गुळगुळीत, शहरी, रेडिओवर हवामान सांगतात तसा. शंकर अंधारात म्हणाला, "ह्या कोण गो बोलता?"  दुसऱ्या दिवशी शालिनीनं कंपनीला फोन केला तेव्हा कळलं, ताईंच्या बोलण्यात गोव्याचा हेल येतो, प्रेक्षकांना खटकला असता. गोव्यातला सिनेमा, गोव्यातली आई, आणि खटकतो कोणाला तर गोव्याचा हेल. चेहरा इथला पाहिजे, घाम इथला पाहिजे, हातावरच्या शिरा इथल्या पाहिजेत, तेवढं तोंड मात्र उघडू नका. जिच्या आवाजाला माईक लागत नसे, तिचा आवाज पुसून टाकला आणि वर पोस्टरवर 'गोव्याच्या मातीतला सिनेमा' असं छापलं. शालिनीला त्याचा राग अजून येतो. यायलाच हवा.

टीव्हीची तऱ्हा आणखी निराळी. सावंतवाडीजवळच्या एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग होतं, त्यात तिला आजेसासू मिळाली. रोजची मालिका, त्यामुळे आवाज बदलत बसायला कोणाला वेळ नव्हता, तेवढं वाचलं. लोकांना ती आजी आवडली. साखळीच्या बाजारात भाजीवाल्या तिला थांबवून सुनेची बाजू घ्यायला सांगत. आणि एके दिवशी फोन आला. "ताई, ट्रॅक बदललाय. तुम्ही जिन्यावरून पडता."

"लागता काय माका?"

"नाही ताई. तुम्ही जाता."

गेली. त्यानंतर मालिका दोन वर्षं चालली आणि शालिनी दोन वर्षं भिंतीवर होती. फोटो, चंदनाचा हार, खाली समई. सून रडायची ती त्या फोटोसमोर, नातू खोटी शपथ घ्यायचा ती त्या फोटोसमोर, जावेनं दुधात काहीतरी कालवलं तेही त्या फोटोसमोर. जिनं अर्धा तालुका बोलून रडवला, तिला तोंड मिटून बघत राहायचं काम! आंबेखोलात तिच्या सोनाबाई काकीनं एका संध्याकाळी टीव्ही लावला, हार घातलेली शालन बघितली, आणि पुढचं काही कळायच्या आत वीज गेली. काकीनं डोक्यावरून पाणी ओतून घेतलं, चुलीवरचं माशाचं हुमण उतरवून शेजारी दिलं आणि वाड्यावर बातमी सांगितली. सकाळी कोणीतरी साखळीला फोन केला. शालिनीनंच उचलला.

"कोण गेला?" पलीकडचा रडवा आवाज ऐकून तिनं घाबरून विचारलं.

"तू," पलीकडून उत्तर आलं.

त्यावर ती हसली, पुष्कळ हसली. पण नंतर स्वयंपाकघरात जाऊन स्वातीला म्हणाली, "ह्याच रवला बघ माजा. एक उसनो आवाज आणि एक हाराचो फोटो. नातवंडांक काय दाखवू?"

म्हणून तिला राजमाता हवी होती. तेही कुठं नव्हे, आंबेखोलच्या मांडावर. बाकी सगळीकडे ती उभी राहिली होती. जिथं बापानं जन्म घालवला तिथं एकदा, जिवंत असताना, स्वतःच्या तोंडानं. एवढंच मागणं.

अनंतचा काही निरोप आला नाही. उत्सवाला थोडे दिवस राहिले असताना स्वातीच्या मोबाईलवर आंबेखोलच्या तिठ्यावरच्या बॅनरचा फोटो आला. 'आंबेखोलची सुकन्या, सिने व टीव्ही अभिनेत्री श्रीमती शालिनी गांवस यांचा भव्य सत्कार.' खाली काळे चष्मे लावलेल्या पुढाऱ्यांची रांग. आणि वर मधोमध शालिनी, चंदनाच्या हारासकट.

तिनं तिथल्या तिथं अनंतला फोन लावला. "अनंता, सत्कार करतंस काय बारावो घालतंस?"

"आते, नेटार तोच फोटो गावलो गो. काढूक सांगतंय."

काढला नाही. हारावर पांढरा कागद चिकटवला. आता ती गळ्याला बँडेज बांधून इस्पितळातून आल्यासारखी दिसू लागली.

"आणि राजमाता?" त्याच फोनवर तिनं विचारलं होतं.

"रेश्माक सुपारी दिली, आते. डिचोलीचा चेडू. तूच शिकयलंस तेका."

खरंच तिनंच शिकवलं होतं. रेश्माचा दुसऱ्या दिवशी फोन आला, "ताई, सोडू काय सुपारी?" शालिनी म्हणाली, "सोडू नको. तू सोडलंस तर तिसरी हाडतले. माका नाय हाडूचे."

स्वाती म्हणत होती, जाऊच नका. मुलगा म्हणाला, ज्यांना किंमत नाही त्यांच्याकडे शाल काय घ्यायची. शालिनीनं मात्र जरीची साडी इस्त्री करून ठेवली. तिचा हिशोब साधा होता. सत्कार मांडावर होतो. पाहुणे मांडावर बसतात. राजमाता म्हणून नाही तर नाही, शाल घ्यायला का होईना, त्या जागेवर पाय तर लागेल. माणूस इतका खाली येतो, तो काही हौसेनं येत नाही.

दहाला भोंगे बंद करायचा कायदा झाल्यापासून नाटक सातलाच सुरू होतं. शालिनी नि स्वाती दिवेलागणीला आंबेखोलात पोचल्या. मांडावर आता सिमेंटचा रंगमंच आहे, वर पत्रे, समोर लाल पडदा. पडद्याच्या पुढ्यात पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पणजीहून आलेले दोघे वर बसले होते आणि त्यांच्यापैकी एकाची बायकोही वर बसली होती, पायातल्या सँडल्ससकट. शालिनी पायऱ्यांकडे निघाली. धाकू आडवा आला.

"मावशे, तुमची कदेल हय आसा."

रंगमंचाच्या खाली, पहिल्या रांगेच्याही पुढे, एकच खुर्ची ठेवली होती. तिच्यावर लाल कापड, दोन्ही हातांना झेंडूच्या माळा. लग्नातल्या नवरीला ठेवतात तशी.

"सगळी वर आणि मी खाली?" शालिनी म्हणाली.

अनंत धावत आला. राजाचा पोशाख अर्धा चढवलेला, चेहऱ्याला रंग. "आते, पाहुणे खाली उतरान तुका शाल घालतले. मान तुजोच मोठो मगे!"

"ती बाई वर बसली ती?"

"ती पाहुणी, आते. तू खय पाहुणी? तू घरची."

शालिनीला आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ बोलले होते. एका गावात तिला चहा वेगळ्या कपातून मिळाला होता, एका ठिकाणी प्रधानानं विंगेत हात धरला होता आणि तिनं त्याच्या कानाखाली वाजवून पुढच्या क्षणी पद म्हटलं होतं. पण असं गोड बोलून कोणी मारलं नव्हतं. घरची, म्हणून खाली! घरची, म्हणून दाराबाहेर!  स्वातीला वाटलं आता ही सगळ्यांसमोर तोंड सोडणार. पण तिनं पर्स स्वातीच्या हातात दिली आणि मंडपाच्या कडेनं चालू लागली. अनंतला वाटलं, रागावून घरी निघाली. "नाटकी बाय ती, दुसरा काय," असं तो धाकूला म्हणालासुद्धा.

थोड्या वेळानं धाकूनं माईकवरून तिचं नाव पुकारलं. पाहुणे खाली उतरले. खुर्ची रिकामी. पाहुण्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, अनंतनं डोळ्यांनी खूण केली, आणि त्यांनी शाल खुर्चीलाच घातली. टाळ्याही वाजल्या.

शालिनी घरी गेली नव्हती. रंगमंचामागं ताडपत्रीचा आडोसा करून बाईसाठी वेगळा रंगपट केला होता, तिथं ती शिरली. रेश्मा आरशासमोर बसली होती, कपाळाला पांढरी रेघ ओढत. आरशातच तिनं शालिनीचं तोंड बघितलं. बाहेरच्या टाळ्या तिनंही ऐकल्या होत्या आणि त्या कोणाला चालल्यात तेही तिला कळलं असावं. ती उठली. स्टूल पुसलं.

"ताई, बसा," ती म्हणाली.

"ते तुका परत बोलावचे नाय हां, रेश्मा."

"नाय तर नाय. गावां काय कमी आसत?"

रेश्मानं स्वतःचा शालू तिला नेसवला, दागिने घातले. टोप घालायला गेली, पण शालिनीनं हातानं थांबवलं. केस आता खरेच पिकलेले होते. रंगाचीही फारशी गरज पडली नाही.

राजमातेचा प्रवेश दुसऱ्या अंकात. राजा लढाई हरून येतो, लोकांकडे तोंड करून दोन वाक्यं बोलतो, मग वळून आईच्या पायांवर लोटांगण घालतो, असं नाटकात आहे. अनंत आला. दोन वाक्यं झकास म्हणाला. वळला. समोर आते.

त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. विंगेत धाकूनं पडद्याची दोरी धरली, पण ओढायची कशी? समोर अख्खा गाव, पणजीचे पाहुणे, आणि जो तो मोबाईल वर करून शूटिंग करत होता. नाटक मध्येच बंद पाडलं म्हणजे उत्सवाला डाग. पेटीवाला एकच स्वर धरून बसला होता.

"आईसाहेब, मी अपराधी," शालिनीनं ओठ न हलवता त्याला त्याचं वाक्य पुरवलं. विसरलेल्या राजांना वाक्य पुरवण्यात तिची हयात गेली होती.

"आईसाहेब, मी... मी अपराधी," अनंत म्हणाला.

"आता पड."

आणि आंबेखोलच्या उत्सव समितीचा अध्यक्ष आपल्या आतेच्या पायांवर पालथा पडला. बायकांच्या बाजूला कुजबुज उठली, तिचा गलका झाला आणि शालिनीनं पहिला शब्द उच्चारताच तो गलका बंद झाला. ती बोलली. तिनं एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, टोमणा मारला नाही, नाटकात नसलेलं काही घुसडलं नाही. भांडण अनंताशी होतं, नाटकाशी नव्हतं. पद आलं तेव्हा श्वास थोडा कमी पडला, तर तिनं तान तोडून बोलल्यासारखी म्हटली, आणि ती तशीच जास्त लागली. संपूर्ण नाटकभर तिच्या समोर आलेल्या एकाही माणसाला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. त्यामुळे अपराधी राजा, अपराधी प्रधान, सगळेच त्या दिवशी उत्तम झाले.

नाटक संपल्यावर कलाकारांची नावं माईकवरून सांगायची रीत आहे. सगळे ओळीनं उभे राहिले. दहाला थोडा वेळ होता. धाकूनं नावं सांगायला सुरुवात केली. राजा, अनंत गांवस. प्रधान, सेनापती, दूत, झाडून सगळे. अनंतनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. धाकूनं खाकरून म्हटलं, "आणि राजमातेच्या भूमिकेत, डिचोलीची रेश्मा."

टाळ्या वाजल्या. सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलं होतं आणि सगळा गाव टाळ्या वाजवत होता! देवाची रीत राहिली, गावाची अब्रू राहिली, आणि शालिनी गांवस त्या मांडावर आलीच नव्हती.

तिनं धाकूच्या हातातून माईक घेतला. धाकूच्या हातून माईक सुटलेला आंबेखोलनं प्रथमच बघितला.

"रेश्मा थय विंगेत उबी आसा," ती म्हणाली. "मी शालिनी. सदाशिव पेटयेवाल्याचा चेडू. ह्याच गावचा."

"आते, खाली चल," अनंत दबक्या आवाजात म्हणाला. "घरात बोलूया. देवाक खपना नाय ता तुका म्हायत आसा."

"देवाक?" ती वळली. "देवाक कोणी इचारल्यान? गुरवांनू, खय आसास?"

मधुकर गुरव देवळाच्या पायरीवर बसला होता. आंबेखोलात लग्न ठरवायचं, विहीर खणायची, तंटा मिटवायचा, की लोक देवाला कौल लावतात. मूर्तीला पाण्यानं पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. कौल गुरवाच्या हातानं लागतो. आधी बापाच्या हातानं लागे, आता मधुकरच्या.

"तुमी कौल लायतास," शालिनी म्हणाली. "गावचा चेडू मांडार उबा रवला तर चलात काय, ह्यो कौल कधी लायलो? देवान काय सांगितल्यान?"

मधुकर उठला. त्यानं अनंतकडे बघितलं, मग मानकऱ्यांकडे बघितलं, आणि शेवटी देवळाच्या दाराकडे.

"लायलो नाय," तो म्हणाला. "माज्या बापायनव लावक नाय. आमका कोणी इचारूकच नाय."

 विहिरीसाठी विचारलं, म्हशीसाठी विचारलं, बोअरवेलला पाणी लागेल का म्हणून विचारलं. जे सतत देवाच्या नावावर सांगितलं, तेवढं मात्र देवाला कोणी कधी विचारलं नव्हतं. शालिनीचा राग आता कोणा एकावर ठरेना. मानकऱ्यांनी विचारलं नाही. बापानं मानकऱ्यांना विचारलं, देवाला नाही. आणि तिनं स्वतः तरी कुठं विचारलं होतं? तीही खाली बायकांत बसून देवाचीच मर्जी समजत राहिली.

अनंतला तेवढ्यात वाट सापडली. "मगे आता लावया," तो मोठ्यानं म्हणाला. "हयच. सगळ्यांसमोर. गुरवांनू, पाकळ्यो हाडा."

मधुकर देवळाकडे वळला.

"थांबा," शालिनी म्हणाली. माईक तिनं खाली घेतला होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "लावू नकात. देवान नाय म्हटल्यान तरी माजा काम करून झाला. आणि देवान व्हय म्हटल्यान तर..."

 तिनं पदर तोंडाला लावला, काढला.

"देवान व्हय म्हटल्यान तर माजी पन्नास वर्सां मी कोणाकडे मागू, अनंता?"

 मधुकर पायरीवर उभा होता तिथंच उभा राहिला.